आजारपण मोबाइलवर मांडण्याआधी

भोपाळच्या बेरसिया रस्त्यावर डिसेंबर 2014 मध्ये एक छोटं संग्रहालय सुरू झालं. ‘रिमेंबर भोपाळ’ हे त्याचं नाव. 1984 च्या वायुगळतीत सापडलेल्या गॅसपीडितांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी ते उभारलं, आणि त्यासाठी सरकारचा किंवा कुठल्या कंपनीचा पैसा घेतला नाही. तिथे मेलेल्या मुलांचे कपडे आहेत, फोटो आहेत, आणि त्यांच्याशेजारी टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेले आहेत. रिसीव्हर कानाला लावला की एखादी बाई बोलू लागते. कपडा कुणाचा होता, त्या रात्री काय झालं, नंतर काय काय भोगावं लागलं, हे ती आपल्या भोपाळी हिंदीत सांगते. मध्ये थांबते, श्वास घेते, पुन्हा बोलते.

आजारपणाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचवावा, असं मला कुणी विचारलं की मी या रिसीव्हरकडे बोट दाखवते. सांगणारी स्वतः सांगते आहे, तिच्या भाषेत, तिला सांगायचं तेवढंच. ऐकणाऱ्याला ते ऐकण्यासाठी थांबावं लागतं.

आज असा रिसीव्हर प्रत्येकाच्या खिशात आहे. कर्करोग झालेली मैत्रीण केमोथेरपीच्या दिवसांबद्दल फेसबुकवर लिहिते, पार्किन्सन्स झालेल्या काकांची मुलगी व्हॉट्सॲपच्या गटात त्यांच्या चालण्याचा व्हिडिओ टाकते, डायलिसिसवर असलेला तरुण यूट्यूबवर बोलतो. हे चांगलं चाललं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे करताना आपण घाईत असतो, घाबरलेले असतो, रात्र जागून काढलेली असते. त्या घाईत होणाऱ्या चुका निस्तरायच्या मात्र घरातल्या आजारी माणसाला. म्हणून हा लेख.

आधी सांगावंच का, याबद्दल. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला तेव्हा समोरच्या जे. पी. नगरमधल्या लोकांना एवढंसुद्धा ठाऊक नव्हतं की नाकातोंडावर ओलं फडकं धरावं आणि वाऱ्याच्या दिशेनं पळू नये. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही कोणत्या वायूच्या बाधेवर उपचार करायचे हे धड सांगितलं गेलं नव्हतं. ज्यांच्याकडे माहिती होती त्यांनी ती दिली नाही. त्यानंतरच्या महिन्यांत जे कळलं ते बरंचसं पीडितांच्या तोंडून कळलं.

एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. सुरुवातीच्या काळात गॅसचा परिणाम म्हणजे डोळे आणि फुप्फुसं, एवढंच धरलं जात होतं. बायका मात्र आपसात वेगळंच बोलत होत्या. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत अतोनात रक्तस्राव, गर्भ न टिकणं. पुरुष डॉक्टरांपुढे हे कोण बोलणार? 1985 मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल वस्त्यांत गेल्या, बायकांशी बोलल्या, त्यांना तपासलं, आणि गॅसग्रस्त वस्त्यांमध्ये स्त्रीरोगांचं प्रमाण भयानक आहे हे त्यांनी मांडलं. त्याच वर्षी मेडिको फ्रेंड सर्कल या आरोग्य-गटाच्या कार्यकर्त्यांनी जे. पी. नगर आणि कारखान्यापासून दूर असलेलं अण्णा नगर या दोन वस्त्यांची तुलना करून लोकांच्या तक्रारी नोंदवल्या. दोन्ही अभ्यासांची सुरुवात झाली ती ‘तुला काय होतंय ते सांग’ या प्रश्नापासून. तुमच्या घरातल्या दुखण्याचं वर्णन उद्या कुणाच्या तरी निदानाला वाट दाखवू शकतं, ते असं.

शिवाय सांगण्यानं माणूस एकटा राहत नाही. अब्दुल जब्बार यांच्या गॅसपीडित महिला उद्योग संघटनेच्या बायका वर्षानुवर्षं दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी बागेत जमत. नुकसानभरपाईचा खटला, निवृत्तिवेतन, औषधं यांवर बोलणं व्हायचंच. पण कुणाचा नवरा आता जिना चढू शकत नाही, कुणाच्या मुलीला चक्कर येते, हेही तिथेच बोललं जायचं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ किंवा स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या गटांमध्ये हेच होतं. आपल्या मराठीत या गटांनी दोन सुंदर शब्द रूढ केले आहेत: आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. यापुढे मी हेच शब्द वापरते, कारण ‘पेशंट’ आणि ‘अटेंडंट’ म्हटलं की रुग्णालयाचा व्हरांडा डोळ्यांपुढे येतो, घर येत नाही.

विचारलंस का?

माझ्या सासूबाईंना दम्याचा जुना त्रास. काही वर्षांपूर्वी त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यात थोडी हुशारी दिसली, तेव्हा मी आनंदाच्या भरात त्यांचा फोटो काढला आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. नाकात ऑक्सिजनची नळी, केस विस्कटलेले, कपाळ मोकळं. गटात बावन्न माणसं होती. इंदूरच्या भाचीनं तो फोटो पुढे तिच्या सासरी पाठवला. घरी आल्यावर सासूबाईंना ते कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, मी शुद्धीत होते. विचारायचं होतंस.” मग दोन दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. ज्या बाईनं जन्मभर केस विंचरल्याशिवाय दार उघडलं नाही, तिला मी बावन्न घरांत तशी नेऊन उभी केली होती.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते, आणि तुम्हीही पाळावी असा माझा आग्रह आहे. तीनदा विचारायचं. लिहिण्याआधी एकदा: “तुमच्या आजाराबद्दल लिहू का? कुठे टाकणार आहे, कोण वाचेल, तेही सांगते.” लिहून झाल्यावर दुसऱ्यांदा, सगळा मजकूर वाचून दाखवून. आणि टाकल्यावर काही दिवसांनी तिसऱ्यांदा: “राहू दे की काढू?” पहिल्या वेळी माणूस भिडेखातर हो म्हणतो. खरं उत्तर बहुतेक दुसऱ्या वेळी मिळतं, स्वतःचीच गोष्ट कानावर पडल्यावर. आणि हे विचारताना आपण उशाशी औषधाची पेटी घेऊन उभे नसावं. ज्याच्या हातून जेवण-औषध घ्यायचं त्याला नाही म्हणणं शुभार्थीला जड जातं.

ऑक्सफर्डमध्ये ॲन मॅकफर्सन आणि अँड्र्यू हर्क्सहायमर या दोन डॉक्टरांनी 2001 मध्ये रुग्णांच्या मुलाखतींचा एक उपक्रम सुरू केला. आज तो ‘हेल्थटॉक’ नावानं ओळखला जातो. डॉक्टर असूनही स्वतः आजारी पडल्यावर त्या दोघांना दुसऱ्या रुग्णांचे अनुभव हवेसे वाटले होते. मॅकफर्सनबाईंना स्तनांचा कर्करोग झाला होता. त्या उपक्रमातली एक रीत आपण घरी सहज उचलू शकतो. मुलाखत लिहून काढून सांगणाऱ्याच्या हाती देतात, नको तो भाग त्यानं खोडायचा. मग चेहरा दाखवायचा, की फक्त आवाज, की नुसता लिहिलेला मजकूर, हेही तोच ठरवतो. आपल्याकडे ‘टाकू की नको’ एवढाच प्रश्न असतो. त्याऐवजी ‘चेहरा, आवाज की अक्षरं’ असं विचारून पाहा. नाही म्हणणारी पुष्कळ माणसं तिसऱ्या पर्यायाला तयार होतात.

ज्याला विचारता येत नाही त्याचं काय? स्मृतिभ्रंश झालेले वडील, पक्षाघातानं वाचा गेलेली आई, तान्हं मूल. इथे शुभंकरानं स्वतःची गोष्ट सांगावी. “बाबांना आता कपड्यांतच होतं” हे वाक्य बाबांचं आहे. “रात्री चारदा चादर बदलताना मला रडू आलं, मग मी अशी सोय केली” हे वाक्य तुमचं आहे. उपयोगाची माहिती दोन्हींत सारखीच, पण दुसऱ्यात बाबांची अब्रू बरीच सांभाळली जाते. मुलांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. चेहरा, शाळेचं नाव आणि आजाराचं नाव ही तिन्ही एकत्र कधीही देऊ नयेत. तो मुलगा पंधरा वर्षांचा होईल तेव्हा वर्गातलं कुणीतरी ते शोधून काढेल.

भोपाळची ओळख बनलेला फोटो कुणाला आठवत नाही? मातीत अर्धवट पुरलेलं मूल, उघडे डोळे. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी तो क्षण टिपला. बार्थोलोम्यूंच्या छायाचित्राला 1984 चा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते मूल कुणाचं, हे आजतागायत कळलेलं नाही. त्या छायाचित्रांनी जगाला भोपाळ दाखवलं, ती घेतली गेली हे योग्यच झालं. पण तिथे विचारायला कुणी उरलंच नव्हतं. तुमच्या घरी माणूस शेजारच्या खोलीत आहे.

काय लिहावं

शौर्य नको, तपशील हवा. “कॅन्सरशी झुंज दिली आणि जिंकले” या वाक्यानं आज निदान झालेल्या बाईच्या हाती काहीच पडत नाही. तिला हे हवं असतं: पहिल्या केमोनंतर कितव्या दिवशी तोंड आलं, तेव्हा काय गिळता आलं, वासानं मळमळत असताना स्वयंपाक कुणी केला, केस गळायला लागले तेव्हा लहान मुलीला कसं सांगितलं, रुग्णालयात पहाटे किती वाजता रांगेत उभं राहिलं की नंबर लागतो, आयुष्मान कार्डासाठी कोणता कागद कमी पडला. भोपाळात ज्याला ‘पर्चा’ म्हणतात तो केस पेपर कोणत्या खिडकीवर काढायचा, एवढी एक ओळसुद्धा बाहेरगावाहून आलेल्या माणसाचे दोन तास वाचवते.

रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन गॅसपीडित बायकांना 2004 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट काढला. गॅसग्रस्त आणि दूषित पाणी प्यायलेल्या कुटुंबांतल्या अपंग मुलांवर तिथे फिजिओथेरपी, वाचा-उपचार होतात, मुलं शिकतात. अशा ठिकाणी उपचाराच्या वेळेत बाकावर बसलेल्या आयांचं बोलणं कधी ऐकलंत तर ‘तपशील’ म्हणजे काय ते कळेल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं ठेवून भरवायचं नाही, पाठीला आधार देऊन बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. एक आई दुसरीला हे हातवारे करून दाखवते. तुमचं लेखन त्या बाकाच्या जवळ जाणारं असावं.

प्रत्येक नोंदीला तारीख घाला. शुभार्थीचं वय, आधीपासूनचे आजार, गाव की शहर, सरकारी दवाखाना की खासगी, हेही द्या; म्हणजे वाचणाऱ्याला आपली गोष्ट याच्याशी किती जुळते ते ताडता येईल. पंचवीस वर्षांच्या मुलाला लागू पडलेलं सत्तरीच्या मधुमेही आजोबांना लागू पडेलच असं नाही. आणि तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: मी पाहिलं ते, डॉक्टर म्हणाले ते, आणि मला वाटतं ते. “गॅसमुळेच झालं” असं भोपाळात पटकन म्हटलं जातं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण एकेका माणसाचा एकेक आजार गॅसशी जोडून दाखवणं किती कठीण, हे इथल्या लोकांनी दावा न्यायालयांच्या पायऱ्या झिजवून पाहिलं आहे. बहुसंख्य पीडितांची इजा ‘तात्पुरती’ ठरवून त्यांच्या हातावर 25,000 रुपये ठेवले गेले. ज्यांच्याकडे पहिल्या दिवसांतले कागद नव्हते त्यांना बोलायलाही जागा उरली नाही. म्हणून लिहिताना “माझा अंदाज आहे” असं स्वच्छ म्हणा. त्यानं तुमच्या बाकीच्या शब्दांचं वजन वाढतं.

कागदांवरून आणखी एक. जून 1985 मध्ये डॉक्टर-कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या आवारात जनस्वास्थ्य केंद्र सुरू केलं होतं. तिथे सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं देऊन कुणाला कसा फरक पडतो याच्या नोंदी ठेवल्या जात. त्याच महिन्यात पोलिसांनी धाड घातली, डॉक्टरांना अटक झाली, नोंदी जप्त झाल्या. तुमच्या घरावर धाड पडणार नाही. फोन मात्र पाण्यात पडेल, खातं बंद होईल, गट चालवणारा माणूस एके दिवशी गट मोडून टाकेल. जे लिहाल त्याची प्रत वहीत किंवा दुसऱ्या ठिकाणी ठेवा. रुग्णालयातले कागद मागून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनं मागितल्यास 72 तासांत नोंदींची प्रत द्यावी लागते. तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

औषधांबद्दल माझा सल्ला साधा आहे. औषधाचं नाव लिहायचं असेल तर लिहा, पण मात्रा लिहू नका, आणि “हे बंद करून ते सुरू केलं, तुम्हीही करा” असं तर कधीच नको. थायोसल्फेटवरून भोपाळात डॉक्टर-डॉक्टरांतच तट पडले होते, आणि त्या गोंधळात सामान्य माणूस आज या रांगेत तर उद्या त्या रांगेत उभा राहत होता. तुम्हाला काय त्रास झाला, डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारल्यावर औषध बदलून मिळालं, हे सांगा. तो प्रश्न दुसऱ्याच्या कामाचा असतो.

काय झाकावं

भोपाळच्या जुन्या वस्त्यांमध्ये मुलीचं लग्न ठरवताना एक प्रश्न कितीतरी वर्षं विचारला गेला: “गॅस लागली होती का?” आई गॅसग्रस्त असली तरी मुलीचं स्थळ मोडायचं. आपल्या मराठी घरांमध्येही मिरगी, कोड, मानसिक आजार, क्षय यांची नावं घेताना आवाज खाली जातो, हे खोटं आहे का? ही लाज चुकीची आहे. ती मोडायला हवी, आणि आजार उघडपणे सांगणारी माणसंच ती मोडत आहेत. पण ती मोडण्याची किंमत कुणी चुकवायची, हे शुभार्थीनं ठरवावं. आईनं धाडस करायचं आणि भोगायचं मुलीनं, असं होऊ नये. आनुवंशिक आजाराबद्दल लिहिताना तर भावंडं, मुलं, पुतणे सगळेच त्यात ओढले जातात. त्यांनाही कल्पना द्या.

कायदा इथे काही प्रमाणात पाठीशी आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार कुणाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. मात्र 2023 चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा एका बाबतीत तुम्हाला वाचवणार नाही: जी माहिती तुम्ही स्वतःहून जगजाहीर केली, तिला तो लागू होत नाही. टाकलेली गोष्ट पुसता येते, पण तोवर तिचे स्क्रीनशॉट कुठे गेले ते कळत नाही.

फोटो टाकण्याआधी तो बोटांनी मोठा करून कोपरे पाहा. रिपोर्टवरचा नोंदणी क्रमांक, आधार, आभा क्रमांक, खाटेवरची पाटी, शेजारच्या खाटेवरचा माणूस, खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तर कुणीच विचारलेलं नसतं. 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरसाठी लोकांनी रिपोर्ट, आधार, फोन नंबर असं सगळंच हताश होऊन टाकलं होतं. जीव वाचवायचा होता, दुसरं सुचत नव्हतं. पण त्या नंबरांवर भामट्यांचे फोन आले, सिलिंडरच्या नावानं पैसे उकळले गेले. असं कधी झालंच तर वेळ न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

रुग्णालयाबद्दल तक्रार असेल तर आधी तिथे लेखी द्या आणि उत्तराची वाट पाहा. जाहीर लिहायची वेळ आलीच तर तारीख, वेळ, घडलेली गोष्ट एवढंच लिहा. “खुनी”, “दरोडेखोर” या शब्दांनी तुमच्या खऱ्या तक्रारीचा मुद्दा बाजूला पडतो आणि बदनामीचा दावा उभा राहतो.

गटांमध्ये औषध विकणारे शिरतातच. कुणीतरी “माझ्या मावशीचा कॅन्सर या काढ्यानं गेला” असं लिहितं आणि खाली नंबर देतं. कर्करोग, मधुमेह, पक्षाघात अशा आजारांवर रामबाण उपायाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. गट तुम्ही चालवत असाल तर असा संदेश लगेच काढा. संकोच करू नका. मदतीसाठी पैसे मागणारी पोस्ट पुढे ढकलण्याआधी रुग्णालयात फोन करून खात्री करा, आणि शक्य असेल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा.

शुभंकराचं दुखणं

काळजी घेणाऱ्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. चिडचिड, थकवा, नोकरी सुटणं, भावानं हात झटकणं, रात्री दोन वाजता मनात येणारा तो विचार, की आता हे संपावं. हा विचार येतो. ज्यांनी वर्षानुवर्षं खाटेवरच्या माणसाचं केलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तो लिहून काढा, पण ज्या ठिकाणी शुभार्थी वाचेल तिथे नको. फक्त शुभंकरांचा वेगळा छोटा गट करा, दहा-पंधरा जणांचा, एकमेकांना चेहऱ्यानं ओळखणाऱ्यांचा. आणि मन फारच खाली गेलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर त्या रात्री पोस्ट लिहीत बसू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. त्यावर बोला.

दुसऱ्याचं आजारपण वाचणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. “काळजी करू नका, सगळं छान होईल” हे उत्तर देऊन आपण सुटतो, समोरचा सुटत नाही. “आमच्या काकांनाही हेच होतं, महिन्यात गेले” हे तर लिहूच नये. त्यापेक्षा विचारा, “नुसतं ऐकून घेऊ, की मला सुचतं ते सांगू?” आणि जवळ राहत असाल तर विचारत बसू नका, संध्याकाळी डबा नेऊन द्या.

ज्यांना लिहिता येत नाही

लिहिणं ही सगळ्यांची वाट नाही. डोळे गेलेले, हात थरथरणारे, शाळेत न गेलेले पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी फोनवरचं ध्वनिमुद्रण. दुपारी घर शांत असताना बसा. पंखा बंद करा, कुकर लावलेला नको. फोन विमान मोडवर टाकून उशीवर ठेवा, हातात धरू नका. पहिला प्रश्न आजाराचा नसावा. “तेव्हा आपण कुठे राहत होतो?” असं विचारलं की गाडी आपोआप रुळावर येते. माणूस मध्ये थांबला तर तुम्हीही थांबा. ती जागा भरायची घाई करू नका. भाषा दुरुस्त करू नका. भोपाळातली आपली जुनी माणसं अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतात, मध्येच उर्दू शब्द येतो. ते तसंच राहू द्या. वीस मिनिटांहून जास्त वेळ घेऊ नका, दमेकऱ्याला तर दहासुद्धा पुष्कळ. शेवटी त्यांच्याच आवाजात विचारून घ्या की हे कुणाला ऐकवायचं, आणि ते गेल्यानंतर ठेवायचं की पुसायचं.

सासूबाईंनी फोटोच्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी स्वतःहून हाक मारली. “तो तुझा फोन आण,” म्हणाल्या. दम्याबद्दल बोलतील असं मला वाटलं होतं. त्या बोलल्या 1984 च्या त्या रात्रीबद्दल. त्यांनी कोणत्या शेजारणीसाठी दार उघडलं आणि कोणत्या शेजारणीसाठी उघडलं नाही, हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अकरा मिनिटांचं बोलणं. ऐकून झाल्यावर त्यांनी एक नाव काढायला सांगितलं. ते मी त्यांच्यासमोर काढलं, आणि उरलेलं कुणाला ऐकवायचं ते त्यांनी सांगितलं. त्या यादीत बावन्न माणसं नव्हती, चार होती.

1984 च्या त्या रात्री तिशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातली पुष्कळ अजून औषधांवर आहेत, आणि पुष्कळांना आजवर कुणी बसून विचारलेलं नाही. तुमच्या घरात, जिन्याखालच्या खोलीत, समोरच्या बिऱ्हाडात असं कुणी असेल तर या रविवारी दुपारी त्यांच्याकडे जा. आधी परवानगी घ्या, मगच फोन बाहेर काढा.